हिरव्या ठिपक्याचं चाक

सोमवार, ४ तारीख
घळीच्या तोंडाशी, दुपारी

बारक्या,

आशीर्वाद पाठवतोय. घ्यायचा नसेल तर पाकिटातच राहू दे, नासणारी वस्तू नाही ती.

अकरा वर्षांनी पत्र आलं म्हणजे कुणी गेलं-बिलं असं समजून घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहेत. तुझ्या वहिनीचे गुडघे दुखतात आणि जीभ दुखत नाही, म्हणजे पूर्वीसारखंच. पत्र एवढ्यासाठी की मी सायकलवर बाहेर पडलोय. आठवडाभराचा पल्ला आहे. नदी जिथं डोंगर कापत येते त्या घळीतून वर चढायचं, वर पोचलं की दोन दिवस ते उजाड पठार तुडवायचं आणि पलीकडं उतरायचं. उतरल्यावर पहिलं गाव तुझं लागतं. आता रस्ताच तिकडून जातो त्याला मी काय करू? रस्ता मी बांधलेला नाही. दादा भेटायला येतोय असा अर्थ काढू नकोस. हवा खायला निघालोय. अडुसष्टाव्या वर्षी माणसानं हवाच खावी, बाकीचं पचत नाही.

बरोबर कोण आहे ते वाचून पत्र फाडणार असशील तर आधी चहा पिऊन घे. भूगोलाचे मास्तर आहेत. हो, तेच. ज्यांचा खांदा आपल्या सायकलच्या दुकानातून गेलेल्या चाकानं मोडला, ते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून रोज सकाळी दुकानात येऊन माझ्या स्टुलावर बसतात आणि मी उभा राहून काम करतो. एक दिवस म्हणाले, "मिस्त्री, चाळीस वर्षं मी पोरांना नदीची घळ शिकवली, पण एकदाही पाहिली नाही हो. फळ्यावर खडूनं काढायची. खांदा गेल्यावर हात वर जाईना, मग शेवटची सात वर्षं फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच सगळं. माझ्या नद्यांना कडे उरलेच नाहीत."

असं कुणी म्हटल्यावर तू असतास तर काय केलं असतंस? मी म्हणालो, चला. इथंच माझं चुकलं.

अरे, माणूस आहे का गोदाम? सायकलीवर एक छत्री, एक थर्मास, गजराचं घड्याळ, दोन शब्दकोश आणि चौपट घडीचा नकाशा. गजराचं घड्याळ कशाला, विचारलं, तर म्हणे शिस्त. ते घड्याळ दर वळणावर पिशवीत वाजतं. दर अर्ध्या मैलावर थांबायचं, दगड उचलायचा, "मिस्त्री, हा पाहा, थर पाहा." मी पाहतो. दगड दगडासारखा असतो. चढ आला की पाढे म्हणतात. सत्तावीसचा पाढा म्हणत चढतात आणि सत्तावीस सातीला दम संपतो, मग उतरून पुन्हा सत्तावीस एकेपासून. मी मागून चालत चालत सत्तावीसचा पाढा शिकलो. चौथीत शाळा सुटली तेव्हा एवढंच राहिलं होतं वाटतं.

माझी सायकल तीच आहे, काळी. मागचं चाक तू बांधलेलंच. व्हॉल्व्हशेजारी तुझा हिरवा ठिपका अजून आहे. चौदा वर्षं झाली, केसाएवढा आऊट नाही त्याला, झोका म्हणून नाही. पण ते जाऊ दे.

कॅरिअरवर एक जुनं चाक आडवं बांधून आणलंय. खड्डा आला की खडखडतं. मास्तरांनी दोनदा विचारलं हे कशाला, तर म्हटलं जादा असावं. तूही तेच समज.

समोर टपालपेटी आहे, तीत टाकतो. मला उत्तर पाठवायला पत्ता नाही, तेवढी तुझी सोय झाली.

दादा


बुधवार, ६ तारीख
घळीतली धर्मशाळेवजा खोली, सकाळी

बारक्या,

हे पत्र रागात लिहितोय. राग तुझ्यावर नाही, त्यामुळं निवांत वाच.

मास्तरांचा नकाशा त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षीचा आहे हे मला काल कळलं. कधी कळलं? नदीच्या काठावर उभे असताना. घळ तिथं इतकी अरुंद झालीय की दोन्ही कडे एकमेकांच्या कानात बोलत असावेत असं वाटतं. रस्ता पाण्यापाशी येऊन संपला. पाण्यात दगडी खांब दोन, त्यांच्यावर काहीच नाही.

मास्तर म्हणाले, "इथं पूल आहे."

"कुठं?"

"हा बघा." बोट नकाशावर.

"मग तुम्ही नकाशावरून जा, मी पाण्यातून येतो."

एक बाई मेंढ्या घेऊन बसली होती. तिला विचारलं तर ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. "पूल ना? माझ्या सासूचं लग्न झालं तेव्हा होता म्हणतात. वऱ्हाड गेलं आणि पूल गेला." मग तिनंच उतार दाखवला, गुडघाभर पाणी, खाली गोटे.

निघालो. मी पुढं, मास्तर मागं. मी शंभरदा बजावलं, हँडल सोडू नका. भर पाण्यात मागून आवाज, "मिस्त्री, रांजणखळगे." खडकात पाण्यानं रांजणासारखे खड्डे केले होते, खरंच देखणे होते, पण ते कुठं पळून जात होते? मास्तरांनी दाखवायला हात वर केला. म्हणजे हँडल सोडलं. त्यांची सायकल, छत्री-शब्दकोशासकट, माझ्यावर. माझी दोन दगडांच्या बेचक्यात. आणि मागच्या चाकातून आवाज आला, टण्ण.

तो आवाज तुला सांगायला नको. एक तार गेली. तुझ्या चाकाची.

चौदा वर्षांत त्या चाकाला मी तारांची चावी लावली नव्हती, लावावीच लागली नव्हती. आता चाक डावीकडं झोका घेतं आणि ब्रेकला घासतं. दर फेरीला खस्स, खस्स. मागचा ब्रेक मोकळा करून ठेवलाय, तरी घासतं. पलीकडच्या काठावर कपडे पिळताना मास्तर म्हणाले, "घ्या, काढा आऊट. पाच मिनिटांचं काम तुमचं."

"राहू दे."

"तार नाही का जादा?"

"चार आहेत."

"चावी?"

"खिशात आहे."

"मग?"

"माझं चाक, माझी मर्जी."

बारक्या, त्या माणसानं मग दिवसभर माझा छळ मांडला. वीस फेऱ्या झाल्या की, "सुताराच्या घरचा पाट मोडका ऐकलं होतं, आज मिस्त्र्याची सायकल ऐकतोय." चहाच्या टपरीवर टपरीवाल्याला सांगितलं, "हे पन्नास वर्षं चाकं बांधतात बरं का. आवाज ऐका त्यांच्या चाकाचा." टपरीवाल्यानं मला कमी साखरेचा दिला, दयेनं असेल.

मग त्यांना तो ठिपका दिसला. "हा हिरवा ठिपका कसला?"

मी सांगितली आपल्या दुकानाची रीत. की चाकाला ज्याचा शेवटचा हात लागला त्यानं व्हॉल्व्हशेजारी ठिपका लावायचा. माझा लाल, धाकट्याचा हिरवा. बाबांच्या वेळेपासूनचं आहे. पुढं चाकाचं काही झालं तर जाब त्या ठिपक्याला. दुसऱ्यानं नंतर चावी लावली तर त्यानं आपला ठिपका पहिल्याच्या शेजारी लावायचा, मग जाब त्याला. वही नाही, पावती नाही, ठिपका बोलतो.

मास्तर म्हणाले, "चांगली रीत आहे. माझ्या त्या चाकावरही हिरवाच होता. तुम्हीच दाखवला होतात, आठवतंय? दुकानात सगळ्यांसमोर."

मी म्हणालो, चला, ऊन चढतंय.

संध्याकाळी घळीचा शेवटचा कडा आला. सरळ उभा, टोक बघायला मान मागं टाकावी लागते, मध्येच पाण्याची पांढरी रेघ. मास्तरांनी सायकल खडकाला टेकवली. मग मला टोक दाखवायला त्यांनी उजवा हात उचलला. तो कानापाशी येऊन अडला. त्यांनी तो तसाच खाली घेतला, डाव्या हातानं दाखवलं, आणि म्हणाले, "एवढा उंच मी काढलाच नसता कधी."

मी सायकलीची चेन पुसत बसलो. स्वच्छच होती.

दादा


शुक्रवार, ८ तारीख
पठारावर, रस्तेकामगारांची पत्र्याची शेड, दुपारी

बारक्या,

कालपासून पठारावर आहोत. झाड नाही, आडोसा नाही. गुडघ्याएवढी जांभळी झुडपं आणि त्यांच्यामध्ये पाण्यानं फुगलेली काळी माती, पाय ठेवला की बूट मागते. वारा समोरून. सकाळी समोरून होता, दुपारी रस्ता वळला तर तोही वळला. उतारावरसुद्धा पायडल मारावं लागतं हे मी या वयात पहिल्यांदा पाहिलं. आज अकरा वाजता धुकं उतरलं, पुढचं चाक दिसेना, तेव्हा ही शेड सापडली. आत फावडी, डांबराची पिंपं, एक बाक, एक शेगडी. कुलूप नव्हतं. तेव्हापासून अडकलोय. पहिली दोन पत्रं तुला मिळाली असतील. त्यांत खोटं होतं. सांगतो.

मास्तरांना बाकावर पाय पसरायचे होते, बाकाला टेकवलेल्या सायकलीवरचं चाक आड येत होतं, म्हणून त्यांनी माझ्या कॅरिअरवरचं ते जुनं चाक सोडून बाजूला ठेवायला घेतलं. हातात घेतलं आणि उजेडाकडं धरलं. रिमला तारांच्या भोकांपासून गेलेल्या चिरा, मध्ये वाकलेली, व्हॉल्व्हशेजारी हिरवा ठिपका.

"मिस्त्री, हे तर माझं चाक आहे."

"हो."

"जादा म्हणून? मोडलेलं चाक जादा म्हणून आणलंत?"

आता त्यांना काय सांगायचं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात अकरा वर्षं भर दुपारचं ऊन होतं रे. सांगितलं. आणि त्यांना सांगितलं ते तुला लिहितोय, खरं तर ते तुलाच सांगायचं होतं, पण तोंडाची सवय मोडायला आधी कुणीतरी लागतं.

ती रिम नरम होती. तूच म्हणाला होतास, "दादा, ही हलक्यातली आहे, हिला सैलसर ठेवलं पाहिजे, हिला ताण सोसायचा नाही." तू एकेक तार नखानं छेडून सूर लावलास, ठिपका लावलास आणि घरी गेलास. मी शटर ओढायच्या आधी चाक फिरवून पाहिलं. तारा दाबल्या. मला सैल वाटल्या. तुझ्या मागं तुझी चाकं तपासायची माझी सवय होती, हे तुला ठाऊक नसेल असं मी समजायचो. तुझं लग्न झालं, पोर झाली, तरी मला तू बाकाखाली बसून छर्रे मोजणारा बारक्याच. घट्ट म्हणजे पक्कं, एवढंच मला येतं. कुणी शिकवलंय मला? सगळ्या तारांना पाव फेरा दिला. मग मन भरेना, आणखी पाव. चाक सुईसारखं सरळ फिरलं, मी खूश झालो.

आणि लाल ठिपका लावला नाही. लावला असता तर सकाळी तुला दिसला असता, तू म्हणाला असतास, दादा, माझ्यावर भरवसा नाही का? ते ऐकायचं नव्हतं. म्हणून लावला नाही. एवढीच गोष्ट आहे. त्या एका ठिपक्याची.

तिसऱ्या दिवशी मास्तर शाळेच्या उतारावर पडले. चाक दुकानात आणलं, माणसं जमली. कुणीतरी विचारलं, कुणाचा हात? मी चाक वळवून दाखवलं आणि म्हणालो, "ठिपका हिरवा आहे." खोटं बोललो नाही बघ. ठिपका हिरवाच होता.

तू पुढं आलास. न तुटलेली एक तार नखानं छेडलीस, ऐकलीस. मग दुसरी. मग माझ्याकडं पाहिलंस. तुला सुरावरून कळलं होतं. आपल्या हाताचा सूर माणसाला कळतो, आणि तो तुझा नव्हता. तू काही बोलला नाहीस, माझी वाट पाहत उभा राहिलास. किती वेळ ते मला आजही सांगता येईल, कारण भिंतीवरच्या घड्याळाकडं मी पाहत होतो. तुझ्याकडं पाहता येईना म्हणून. मग तू एप्रन काढून खिळ्याला लावलास.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "धाकट्याला हे सांगितलंत कधी?"

"नाही."

"त्याला माहीत आहे?"

"त्याला त्याच दिवशी कळलं."

"मग?"

"मग काय. त्याला कळलंय हे मला कळलं, आणि मी गप्प बसलो."

मास्तर उठले, दार उघडून धुक्यात गेले. मला वाटलं, गेले आता. दहा मिनिटांत परत आले. टोपी झटकत म्हणाले, "बाहेर काही दिसत नाही म्हणून आत आलो. गैरसमज नको." मग म्हणाले, "अकरा वर्षं मी गावभर सांगत फिरलो की धाकट्याचा हात कच्चा. ते शब्द आता मी कुठून गोळा करू?" त्यांनी टोपी शेगडीपाशी वाळत टाकली. "तुमच्यावर ओरडायचंय मला, मिस्त्री. पण या वाऱ्यात ओरडून उपयोग नाही. खाली सपाट रस्ता लागला की आठवण करा."

दुपारी त्यांनी उकडलेली अंडी काढली. सहा होती. स्वतःला चार घेतली, मला दोन दिली. न्याय झाला म्हणायचा.

आणखी एक खोटं राहिलं. हवा खायला निघालेलो नाही. तुझ्या लेकीचं पत्र आलं होतं, गेल्या महिन्यात. रागवू नकोस तिला. माळ्यावर तुझी जुनी घंटी सापडली तिला, घंटीवर दुकानाचं नाव कोरलेलं, त्या नावावर तिनं लिहिलं. "थोरले काका, माझ्या सायकलच्या चाकाला आऊट आलाय. बाबा लाकडाच्या वखारीत ओंडक्यांची मापं घेतात. चाक दाखवलं तर म्हणतात, दुकानात ने, मला येत नाही. त्यांना खरंच येत नाही का?"

हे वाचलं आणि दोन दिवस दुकान उघडलं नाही. ज्याच्या नखाला तारेचा सूर कळतो त्यानं ओंडके मोजायचे, आणि पोरीला सांगायचं मला येत नाही. ते वाक्य तुझं नाही. ते माझं आहे, मी तुझ्या तोंडात कोंबलं.

पत्र तुझ्या वहिनीनं वाचलं. शिडी लावून ते मोडकं चाक खाली काढलं, पुसलं आणि म्हणाली, "जायचं तर हे घेऊन जा. अकरा वर्षं माझ्या डोक्यावर टांगलंय." तिला मी कधीच सांगितलं नव्हतं. बायकांपासून काही लपत नाही, फक्त त्या आपल्याला लपवू देतात.

तेव्हा आता तुला समजलं, पाण्यात तुटलेली तार मी का बसवत नाही. माझ्या खिशात चावी आहे, बोटं वळवळतात, रात्री झोपेतसुद्धा अंगठा फिरतो असं मास्तर म्हणतात. पण तुझ्या बांधलेल्या चाकांपैकी मी मागून न तपासलेलं हे एकच. तुझ्यावर विश्वास म्हणून नव्हे, तेही कबूल करतो. तू बांधलंस तेव्हा मी पाठदुखीनं अंथरुणात होतो, उठलो तोवर सायकल वापरात होती. म्हणून वाचलं बिचारं. ते चौदा वर्षं सरळ चाललं. मास्तरांचं तीन दिवस. याहून साधा हिशेब मला कुणी घालून दिला नसता.

इथं टपालपेटी नाही. असती तरी टाकलं नसतं. हे हातानं आणून देतो.

दादा


रविवार, १० तारीख
तुझ्या घरासमोरचा पूल, पुलावरचा बाक, दुपारी

बारक्या,

तू घरात आहेस, मी वीस पावलांवर आहे, आणि पत्र लिहितोय. लोक हसतील. हसू दे.

काल उतरताना नऊ मैल सायकल हातात धरून चाललो. मागचा ब्रेक नाही, चाक झोके घेतंय, आणि मास्तर सोबतीला चालतायत, त्यांची स्वतःची सायकल धडधाकट असून. म्हटलं, बसा, पुढं व्हा. म्हणाले, "नकाशा माझ्याकडं आहे, तुम्ही चुकाल." त्यांचा नकाशा. असो. खाली सपाट रस्ता लागल्यावर मी आठवण केली, शब्दाला जागलो. एक मैलभर ओरडले माझ्यावर. चाळीस वर्षं वर्गावर ओरडलेला माणूस, त्यात कसूर नाही. एका कुंपणाशी गायी उभ्या होत्या, त्यासुद्धा खाली मान घालून ऐकत होत्या. ओरडून झाल्यावर थर्मासमधला चहा दोघांत अर्धा-अर्धा केला. या वेळी खरोखर अर्धा.

आज सकाळी तुझ्या दारात यायच्या आधी मी मास्तरांच्या मोडक्या चाकावर लाल ठिपका लावला. हिरव्याच्या शेजारी, रीतीप्रमाणं. रंगाची नवी बाटली हत्यारांच्या पिशवीत होती. मी ठेवली नव्हती, कुणी ठेवली ते तुला कळेल. ठिपका जरा मोठाच झाला. मास्तर बघत होते. म्हणाले, "लाल शाईनं मी जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या. स्वतःच्या चुकीवर लाल लावणारा विद्यार्थी पहिलाच. उशीर फार केलात, पण पेपर कोरा दिला नाहीत."

तुझ्या लेकीनं दार उघडलं. तुझंच नाक आहे, बिचारीला. म्हणाली, "तुम्ही थोरले काका. ओळखलं मी. चाक हातात घेऊन दुसरं कोण येणार." आत गेली. मला आतलं सगळं ऐकू येत होतं. परत आली, खाली बघत म्हणाली, "बाबा म्हणतात, सांग मी झोपलोय."

म्हटलं, "असू दे. झोपेतून कुणाला उठवू नये. हे चाक त्यांच्या उशाशी ठेव, आणि हे शुक्रवारचं पत्र."

मास्तर पुढं झाले. "आणि सांग, ज्याचा खांदा मोडला तो मास्तर बाहेर उभा आहे. त्यालाही तुझ्या बाबांची माफी मागायचीय, पण तो खिडकीतून ओरडणार नाही. त्याचं ओरडून झालंय." मग माझ्याकडं वळून, "तुम्ही बसा. मी नदी बघतो," असं म्हणून पुलाखाली उतरले. तिथं दगड आहेत, तासाभराची निश्चिंती.

मघाशी पोर चहा घेऊन आली. म्हणाली, "बाबांनी पाठवला नाही, मीच आणला."

"बोलतील तुला."

"त्यांनी पाहिलं. अडवलं नाही."

"पत्र वाचलं?"

"वाचलं. दोनदा. मग चाक मांडीवर घेऊन बसलेत. काका, ते रडत नाहीयेत हां. नुसते बसलेत." मग माझ्या सायकलीकडं वाकून बघायला लागली. मागचं चाक उचलून फिरवलं, खस्स, खस्स. "याला तर माझ्यापेक्षा जास्त आऊट आहे. तुम्ही मिस्त्री ना?"

"हो."

"मग काढत का नाही?"

"हा तुझ्या बाबांचा ठिपका आहे. चाक त्यांचं आहे."

ती थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली, तुझ्यासारखीच, काही न बोलता, वाट बघत. या खेपेला मी घड्याळ शोधलं नाही.

तर आता मागणं ऐक. माफ कर असं लिहिणार नाही, तो तुझा प्रश्न आहे आणि त्यात मी चावी घालणार नाही. पण या चाकाची एक तार गेलीय. चार जादा तारा या पत्रासोबत पाठवतोय, लांबी तीच आहे, तूच तेव्हा कापून ठेवल्या होत्यास. आणि माझी स्पोकची चावी पाठवतोय. बाबांची, पितळी दांड्याची. पन्नास वर्षं ती माझ्या खिशाबाहेर झोपलेली नाही, खिसा आत्तापासूनच हलका वाटतोय. ती परत करू नकोस. आधी पोरीचं चाक कर, मग जमलं तर माझं. सैल ठेव, घट्ट ठेव, तुझा कान म्हणेल तसं. तुझा हिरवा ठिपका आहेच, लाल त्याच्या शेजारी कधी लागणार नाही.

नाही केलंस तरी चालेल. मी अंधार पडायच्या आत निघेन, असंच घासत घासत. वारा आता पाठीवर असेल, निदान तसं मास्तर म्हणतात, म्हणजे नसेलच.

पोर चावी न्यायला उभी आहे, म्हणतेय काका आटपा, किती लिहिता. तिला म्हटलं, थांब एक मिनिट.

तुझ्या खिडकीतून आवाज आला आत्ता. नखानं तार छेडल्याचा. मोडक्या चाकाची असेल, त्यात अजून ताण आहे माझा.

दुसरी.

लेखणी खाली ठेवतो. कागदावर खरखरते, नीट ऐकू येत नाही.

दादा